किनाऱ्याच्या बाजूची केबिन

१

पैज मी लावली. आमच्या इमारतीत खोड्या काढायचं खातं माझ्याकडेच आहे आणि मी ते मन लावून सांभाळते.

संध्याकाळी आम्ही सगळे जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. उत्तरेकडच्या रानटी किनाऱ्यावर फिरायला जायचं होतं आणि तीन जहाजांमधून एक निवडायचं होतं. तळमजल्यावरच्या टूरवाल्याने तिन्हींची माहितीपत्रकं वाटली होती. पहिलं जहाज म्हणजे तरंगता मॉल. पोहायचा तलाव, सिनेमा, घसरगुंडी, सगळं. दुसऱ्यावर रोज नाचगाणी. तिसरं बारकं, त्यावर काही म्हणजे काही नाही. पण कड्यांच्या इतकं जवळून तेवढं एकच जातं.

"इतकं जवळून," टूरवाला म्हणाला, "की पक्षी थेट डोक्यावर प्रसाद देतात."

"मग हेच," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स. भाऊ-भावजयीकडे राहतात. वॉर्डात असताना त्यांनी एक म्हातारा खलाशी सांभाळला होता. तो पडल्या पडल्या त्या किनाऱ्याच्या गोष्टी सांगायचा. पक्ष्यांनी गच्च भरलेला कडा, लांबून बघितला तर कडाच श्वास घेतोय असं वाटतं. बर्फाचा डोंगर तुटून पाण्यात पडतो तो आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. खलाशी गेला, पण त्याचा किनारा सिस्टरच्या डोक्यात राहून गेला. आता त्यांच्या डोळ्यांत मधोमध धुकं जमायला लागलंय. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, जे बघायचं ते याच वर्षी बघा.

म्हणून तर आम्ही निघालो होतो. सिस्टर आणि मी एका केबिनीत, दुसऱ्या मजल्यावरचा फोटोग्राफर एकटा (त्याला सगळे दाढी म्हणतात, कारण समोरून फक्त तीच दिसते), आणि शिट्टीमास्तर एकटे.

हात वर करून मतं घेतली. बारकं जहाज जिंकलं. एकच हात खाली राहिला, तो मास्तरांचा.

शाळेत खेळ शिकवायचे. शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही. अजून गळ्यात असते. अंगणात पोरांचा चेंडू दिसला की फुर्र! आता त्या शिट्टीच्या जोडीला एक कोरी करकरीत दुर्बीणही लटकत होती. खास या सहलीसाठी घेतलेली.

"पोहायचा तलावच नाही!" मास्तर सुरू झाले. "माझ्यासारख्या माणसाने जहाजावर करायचं काय? केबिनी आहेत की खुराडी? आणि हे छापलंय काय, मुंग्या मेल्यासारखी अक्षरं! आणि हा जिन्यातला दिवा, डोळ्यांत घुसतोय नुसता!"

"मागच्या महिन्यात म्हणालात मिणमिणतोय," दाढी म्हणाला.

"तेव्हा मिणमिणत होता!"

मला राहवेना. "मास्तर, लावता पैज? जहाजावर पाय ठेवेपर्यंत एकसुद्धा तक्रार करायची नाही. जमलं तर मी या अंगणात बाळाच्या टबात बसेन, लाइफ जॅकेट घालून, आणि सीलसारखी ओरडेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर टबात तुम्ही."

अख्ख्या जिन्याने टाळ्या पिटल्या. मास्तरांनी छाती फुगवली. "शिस्तीच्या माणसाला काय अवघड आहे? लागली पैज. तुझ्या मापाचं जॅकेट शोधून ठेव." एवढं बोलून त्यांनी त्या दिव्याकडे वर बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

मला वाटलं, उद्या दुपारपर्यंत टब भरायला लागणार. मला काय माहीत, या पैजेच्या आडून कोण काय करून जाणार आहे.

२

सिस्टर आणि मास्तर यांच्यात अबोला आहे. साधासुधा नाही, खानदानी.

झालं असं की मास्तरांच्या पायात एकदा खिळा घुसला. सिस्टर इंजेक्शन द्यायला गेल्या. सुई नुसती दिसली आणि या पहिलवान माणसाने अशी किंकाळी फोडली की समोरच्या इमारतीतले लोक गच्चीत आले. सिस्टरनी ती गोष्ट पायऱ्यांवर बसून रंगवून सांगितली, आवाजासकट. तेव्हापासून मास्तर दिसले की कोपऱ्यातून एखादं पोर तसंच किंचाळतं. तेव्हापासूनच अबोला. सिस्टर खाली आल्या की मास्तर उठणार. सिस्टर लिफ्टमध्ये तर हे जिन्याने. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपात सिस्टरना घेतलं, त्याच दिवशी हे बाहेर पडले. जहाज बारकं आहे, तिथे कसं निभावणार, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी पाठ करून बसेन."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंगणात त्यांच्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसले होते. सिस्टर काठी टेकत खाली आल्या. खाडकन खुर्ची मिटली आणि मास्तर तरातरा घरात गेले. खुर्चीचा गंज फरशीवर सांडून गेला.

"झाडायलाही मलाच लावतो मेला," सिस्टरची भावजय म्हणाली. वहिनी झाडू घ्यायला वळली तेवढ्यात टूरवाला धावत आला.

"ऐका, बदल आहे! या वर्षी जहाज उलटं जाणार. खालच्या बंदरातून वर नाही, वरच्या बंदरातून खाली. आपण जाताना विमानाने वर जायचं आणि जहाजाने खाली उतरायचं. बाकी सगळं तेच."

"मग बिघडलं कुठे?" वहिनीने विचारलं.

टूरवाल्याने बोलण्याऐवजी करूनच दाखवलं. कुंपणाच्या भिंतीला उजवा खांदा लावून तो चालत गेला. "भिंत म्हणजे किनारा. दिसतोय? उजव्या हाताला." टोकाला जाऊन वळला, परत आला. "आता? डाव्या हाताला."

आम्ही हसलो. सिस्टर हसल्या नाहीत.

टूरवाल्याच्या गाळ्यात भिंतीवर जहाजाचा मोठा आराखडा टांगलेला आहे. कोणाला कुठली केबिन ते त्याच्यावर टाचण्यांनी लावलेलं असतं, टाचणीला कापडाची झेंडी. केबिनी सगळ्या सारख्याच, दोघांच्या. आमची लाल झेंडी उजवीकडे होती, मुद्दाम मागून घेतलेली. दाढीची हिरवीही उजवीकडे. मास्तरांचं उशिरा ठरलं म्हणून त्यांच्या वाट्याला डावी बाजू आली, पिवळी झेंडी. शुक्रवारी संध्याकाळी टूरवाला आराखडा बघून केबिनी कंपनीकडे पक्क्या करणार होता. पक्क्या झाल्या की ब्रह्मदेवाच्या बापालाही बदलता येणार नाहीत.

"म्हणजे मला आठवडाभर नुसतं पाणी," सिस्टर म्हणाल्या.

"डावीकडे दुसरं काही रिकामं नाही. मास्तरांना विचारू का?"

"त्या माणसाकडे? मी तहानेने मरत असले तरी घोटभर मागणार नाही."

"बरं, ग्रुपवर टाकतो हा बदल, म्हणजे सगळ्यांना कळेल," असं म्हणून टूरवाला गेला.

सिस्टर रोज दुपारी त्याच्या गाळ्यात बसतात. मोठ्या खिडकीतून दुर्बिणीने लांबची टेकडी बघतात. डोळ्यांना सवय व्हावी म्हणून. दुर्बीण तिथेच खुंटीला असते. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी दिलेली.

बदल कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या दुकानात एका बॅगेची चेन बसवत होते. माझं दुकान गाळ्याला लागूनच. भिंतीपलीकडून सिस्टरचा आवाज आला. मोठा नव्हता. पण आयुष्यभर वॉर्डात काढलेली बाई तशा आवाजात हाक मारते तेव्हा पळत जायचं असतं.

३

सिस्टर खिडकीपाशी उभ्या होत्या. दुर्बीण हातात. "मला वाटलं माझे डोळेच गेले," त्या म्हणाल्या.

डोळे नव्हते गेले. दुर्बिणीच्या दोन्ही काचांवर कोणीतरी पॉलिशपेपर घासला होता. चांगला दाबून, गोल गोल, वेळ घेऊन. काचा आंधळ्या झाल्या होत्या.

टूरवाला जेवायला गेलेला. गाळा नेहमीसारखा उघडा, कारण सगळी इमारत तिथे गार पाणी प्यायला येते.

"आणखी एक," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आराखड्यावरून बोटं फिरवली. रोज फिरवतात, आपली झेंडी आहे ना बघायला. "आपली टाचणी इथे नाही."

मी बघितलं. लाल झेंडी डावीकडे गेली होती आणि पिवळी उजवीकडे आली होती.

हसावं की रडावं, मला काही कळेना. एका हाताने दुर्बीण फोडायची आणि दुसऱ्या हाताने किनारा द्यायचा? हा कसला चोर?

टूरवाला आला आणि त्याने आधी माझ्याकडेच बघितलं. "ताई, झेंड्या तू हलवल्यास ना?"

"मी?"

"तुझीच केबिन, तुझाच फायदा. आणि तुझे उद्योग काय मला माहीत नाहीत? माझ्या फोनची रिंग कोंबड्याची कोणी केली होती? मास्तरला कळलं तर माझा गाळा उठवेल तो! पैज गेली खड्ड्यात, ठिय्या देऊन बसेल इथे!"

"आणि दुर्बीण? तीही मीच घासली?"

त्याने सिस्टरच्या हातातली दुर्बीण वाकून बघितली. मग हळूच म्हणाला, "दोन वेगळी माणसं असतील."

मी टाचण्या उपटून बघितल्या. पिवळ्या झेंडीवर तपकिरी बोट उमटलेलं होतं. लाल झेंडीवरही थोडं. दुर्बिणीच्या काचेच्या कडेला तसलीच तपकिरी भुकटी साठलेली. बोटाला लावून बघितली. गंज होता.

"दोन नाही," मी म्हटलं. "एकच हात. लोखंड घासलेल्या कागदाने काच घासली आणि त्याच बोटांनी झेंड्या हलवल्या."

"मला तो माणूस शोधून दे," सिस्टर म्हणाल्या. शांतपणे, दुर्बीण पुसत, पुसून काही होणार नाही हे माहीत असूनही. "पोलीस नको, आरडाओरडा नको. शोध आणि माझ्या ताब्यात दे."

"मिळेल," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, नुसता नाही देणार, मसाला लावून देणार.

टूरवाल्याला दम भरला, की शुक्रवारपर्यंत झेंड्यांबद्दल कोणाकडेही चकार शब्द काढायचा नाही. मास्तरांकडे तर नाहीच. तो एवढा घाबरलेला की त्याने शपथच घेतली.

४

आधी वहिनीकडे गेले. दार उघडलं आणि मी दारातच थांबले. खिडकीची लोखंडी जाळी अर्धी खरवडलेली, खाली गंजाचा ढीग आणि वहिनीच्या हातात पॉलिशपेपर.

"रंग लावायचाय," वहिनी म्हणाली. "काय गं, अशी काय बघतेस?"

"सिस्टरची दुर्बीण कोणी घासली, वहिनी?"

वहिनीने कागद खाली ठेवला. "मी नाही. पण खरं सांगू? ऐकलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं मला. वन्संना नीट दिसत नाही, हलत्या जहाजावर पडल्या, मोडून घेतलं काही, तर? त्या ऐकतात का माझं? तू तर त्यांना आणखी फूस लावतेस."

"मग झेंडी का हलवलीस?"

"कसली झेंडी?"

"आमची. आराखड्यावरची."

"अगं, मला त्यांना थांबवायचं असतं तर झेंडी इकडची तिकडे कशाला केली असती? उपटून कचऱ्यात टाकली असती!" मग डोळे पुसत म्हणाली, "थांब, त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत, घेऊन जा. मी दिलेत म्हणून सांगू नकोस."

मोजे घेऊन दाढीकडे गेले. तो तर मलाच शोधत होता. बॅगेची चेन तुटलेली. उघडली तर सगळ्यात वर जाड हातमोजे, कानटोपी आणि लोकरीचं काय काय, खाली सुती शर्ट.

"पहिल्याच दिवशी बर्फ आहे ना आता," तो म्हणाला. "वरच हवं."

"दाढी, तुझी केबिन उजवीकडे. तुला आता नुसतं पाणी दिसणार. तुझ्या कॅमेऱ्याला किनारा नको?"

"हवा तर. पण मी केबिनीत बसून फोटो काढणार आहे का? मी डेकवर झोपणार आहे." मग त्याने डोळे बारीक केले. "आणि मला झेंड्या हलवायच्या असत्या, तर माझी हिरवी नसती का हलवली मी? सिस्टरची हलवून मला काय मिळणार?"

"झेंड्या हलल्या हे तुला कोणी सांगितलं?"

"वहिनीने. आत्ता खिडकीतून."

आमच्या इमारतीत बातमीला लिफ्ट लागत नाही. "तिथेच थांबव ती," मी म्हटलं, "मास्तरांच्या दारापर्यंत जाऊ देऊ नकोस. त्यांना मलाच विचारायचंय, तोंड बघून."

शेवटी मास्तर. ते त्यांच्या दारात बसून खुर्चीचे पाय घासत होते. पॉलिशपेपर, गंज, सगळं तिथेही. अर्धे पाय चकाचक झालेले. म्हणजे गंज दोन घरी होता, वहिनीकडे आणि इथे.

"काय मास्तर, कसं काय चाललंय?"

"उत्तम!"

"चहा?"

"उत्तम!" चहात बहुतेक मीठ पडलेलं असावं, असा चेहरा होता. पण डोळे हसत होते.

"झेंड्या बघितल्या का गाळ्यात? तुमची पिवळी उजवीकडे गेली म्हणे."

"हो का? असेल. टूरवाल्याला वाटलं असेल काही." त्यांनी खुर्चीच्या पायावर फुंकर मारली. "जे मिळालं ते मान्य. मी तक्रार करणारा माणूस नाही."

पैज जिंकायची म्हणून दात खाऊन गप्प बसलेला माणूस मी बघितलेला आहे. त्याच्या कानशिलाची शीर उडते. मास्तरांची शीर शांत होती. माणूस तृप्त दिसत होता, मेजवानी झाल्यासारखा.

"ते जाऊ दे," ते म्हणाले. "माझी बॅग घेऊन जा. चेन अडकतेय. म्हणजे, तक्रार नाही हं! माहिती देतोय."

दुकानात येऊन मी बॅग उघडली. चेन काढायला वरचे कपडे बाहेर काढले. वर अर्ध्या चड्ड्या, उन्हाची टोपी, पातळ शर्ट. मग आणखी शर्ट. सगळ्यांच्या खाली, तळाशी, घड्या घालून दाबून ठेवलेले स्वेटर, मफलर आणि हातमोजे.

मी ते कपडे हातात धरून तशीच बसून राहिले. मग सगळं होतं तसं परत भरलं, चेन बसवली, शटर अर्धं ओढलं आणि पोट दुखेपर्यंत हसले.

मग सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, "सापडला. पण आज नाही देत. शुक्रवारी देते. तोवर रोजच्यासारख्या रुसून बसा."

५

शुक्रवारी संध्याकाळी गाळ्यात सगळी इमारत जमली. मी जमवली. वहिनीला सांगितलं, टब घेऊन ये. कोणासाठी, ते सांगितलं नाही.

सिस्टर खिडकीपाशी बसल्या. मास्तर दारात उभे, त्यांच्याकडे पाठ करून. गळ्यात शिट्टी, गळ्यात दुर्बीण.

"कंपनीचा माणूस फोनवर आहे," टूरवाला म्हणाला. त्याला घाम फुटलेला. "केबिनी पक्क्या करू?"

"थांब," मी म्हटलं. "एक अन्याय झालाय. कोणीतरी झेंड्या हलवल्या. मास्तरांची डावीकडची केबिन सिस्टरकडे आली आणि मास्तर उजवीकडे गेले. मास्तरांचा हक्क आहे. मास्तर, देऊ का तुमची डावी केबिन परत?"

मास्तर वळले नाहीत, पण त्यांची पाठसुद्धा हसली. "नको, नको. असू दे."

"सगळ्यांसमोर विचारतेय. नंतर म्हणाल, विचारलं नाही."

"अगं, दिली! आनंदाने दिली! डावी बाजू त्यांना लखलाभ. मी उजवीकडे सुखी आहे."

गाळ्यात कुजबुज झाली. वहिनीने तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यातल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "मन मोठं लागतं," ते म्हणाले. मास्तरांनी मान लववून टाळ्या स्वीकारल्या.

"पक्कं करा," टूरवाला फोनवर म्हणाला. "लाल डावी, पिवळी उजवी. हो, शेवटचं." फोन ठेवला. "झालं. आता बदल नाही."

"मास्तर," मी म्हटलं, "एक विचारू का? आठवडाभर नुसतं पाणी बघून कंटाळा नाही यायचा तुम्हाला?"

"पाणी?" मास्तर वळले. "पाणी कोण बघतंय? किनारा उजवीकडे आहे."

टूरवाल्याने आराखड्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"किनारा उजवीकडे आहे?" मास्तर पुन्हा म्हणाले. या वेळी प्रश्नासारखं.

टूरवाला गोंधळला. "मास्तर, जहाज या वर्षी वरून खाली येतं. अंगणात सांगितलं होतं मी. भिंतीपाशी चालून दाखवलं! ग्रुपवरही टाकलं."

"कधी?"

"तुम्ही खुर्ची मिटून आत गेलात," वहिनी म्हणाली, "गंज सांडून. तेव्हा."

मास्तर आराखड्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मनातल्या मनात ते भिंतीशी चालत गेले, वळले, परत आले. आणि मग कानशिलाची शीर उडाली.

"ही फसवणूक आहे! हा काय कारभार आहे? दिशा बदलता आणि माणसाला सांगत नाही? ग्रुपवर टाकलं म्हणे! मी त्या ग्रुपात नाही, कोणाच्या लक्षात नाही आलं? पोहायचा तलाव नाही, केबिन खुराडं, आणि वर नुसतं पाणी! मी कंपनीकडे जाणार! मी तक्रार करणार!"

तो शब्द गाळ्यात घुमला आणि खाली बसला.

"काय करणार म्हणालात, मास्तर?" मी गोड आवाजात विचारलं.

वहिनीने टब पुढे सरकवला.

"पैजेचं नंतर," मी म्हटलं. "आधी दुर्बीण. सिस्टरची दुर्बीण आंधळी करणारा आणि झेंड्या हलवणारा हात एकच, दोन्हीकडे गंजाची तीच भुकटी. पण एका कामात सिस्टरचं वाटोळं आणि दुसऱ्यात भलं, हे कसं? मी डोकं खाजवलं. मग कळलं, की ज्याने केलं त्याला दोन्हीत वाटोळंच दिसत होतं. सिस्टरला डावीकडे ढकललं की त्यांना पाणी आणि मला किनारा, असा हिशोब. दिशा बदलली हे ज्याला ठाऊक नाही, तोच असा हिशोब करणार. अंगणात आम्ही सगळे होतो. एकच माणूस उठून गेला होता, आणि ग्रुपातही नव्हता."

"पुरावा काय?" मास्तर पुटपुटले.

"तुमची बॅग. दाढीचे हातमोजे सगळ्यात वर, पहिल्याच दिवशी बर्फ म्हणून. तुमचे सगळ्यात खाली, बर्फ शेवटी म्हणून. आणि वहिनी गंज घासते, पण ती अंगणात उभी राहून सगळं ऐकत होती. दुसरा गंज तुमच्या खुर्चीचा."

टूरवाल्याने पिवळी झेंडी काढून तिच्यावरचा तपकिरी बोटाचा ठसा सगळ्यांना दाखवला. मास्तरांनी आपोआप हात पाठीमागे घेतले.

मग एकदम बोलले, कोणाकडेही न बघता. "हो, केलं! काय चुकलं? एकदा ओरडलो. एकदा! खिळा घुसला होता पायात! त्यावरून इतकी वर्षं पोरं मागून किंचाळतात. मी रस्त्याने चालतो तर किंचाळतात. मला मास्तर म्हणून कोणी ओळखत नाही, ती किंकाळी म्हणून ओळखतात. आणि ते सगळं हिने केलं. मग हिला दिसू नये कडा. मलाच दिसावा, आणि मी हिला रोज जेवताना सांगावा."

कोणी हसलं नाही.

सिस्टर उठल्या. काठी टेकत त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या.

"ती गोष्ट मी सांगायला नको होती. पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं. तेवढं माझं चुकलं."

मास्तरांचा चेहरा सैल झाला.

"आता तुमचं," सिस्टर म्हणाल्या आणि हात पुढे केला. "दुर्बीण द्या."

"ही? ही नवी आहे!"

"तुम्हाला पाणीच बघायचंय. त्याला दुर्बीण कशाला?"

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. सगळी इमारत दाराशी दाटलेली. त्यांनी पट्टा गळ्यातून काढला. तो शिट्टीच्या दोरीत अडकला, ओढाताण झाली, शेवटी सुटला. सिस्टरनी दुर्बीण गळ्यात घातली.

"आणि माझी जुनी तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "रोज डेकवर गळ्यात घालायची. मी तपासणार."

मग आम्ही सगळे अंगणात आलो. टूरवाल्याने नारिंगी लाइफ जॅकेट आणलं. माझ्या मापाचं होतं, मास्तरांच्या पोटावर बक्कल लागेना, दाढीने दोन्ही हातांनी ओढून लावलं. मास्तर टबात बसले. गुडघे कानाला लागले. गच्च्या भरल्या, खिडक्या भरल्या. पोरं भिंतीवर चढून बसली आणि पहिल्यांदाच त्यांना उतरवायला शिट्टी वाजली नाही.

"सील, मास्तर," मी म्हटलं. "मनापासून."

मास्तरांनी डोळे मिटले, मान वर केली आणि ओरडले. समोरच्या इमारतीतले लोक गच्चीत आले.

सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी नवी दुर्बीण डोळ्यांना लावली, चाक फिरवलं, धुक्याच्या कडेने जेवढं दिसत होतं तेवढं नीट जुळवून घेतलं.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "मास्तर, जरा डावीकडे वळा. आणि पुन्हा एकदा."